विशूला पाठवलेला तमिळ खेद

आता ऐकाच. माफी मागायला माणसाला किती भाषा लागाव्यात? मला तीन येत होत्या, म्हणून मी चौथीत मागितली. त्यातून जे झालं ते आमची ही आजही पाहुण्यांना सांगते. तिच्या आधी मीच सांगून टाकलेलं बरं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडला आमची तीन मजली सोसायटी. समोरच्या दारात विश्वनाथन, म्हणजे आमचा विशू. हल्ली तो कोइमतूरला मुलीकडे असतो आणि दर रविवारी फोन करून माझं ब्लडप्रेशर विचारतो. तेव्हा मात्र आमच्यामध्ये फक्त चार पावलांचा पॅसेज होता. सकाळी साडेसहाला त्याच्याकडची कॉफी आणि माझ्याकडचा पेपर, अशी अकरा वर्षांची अदलाबदल. त्याची अम्मा स्टीलच्या पेल्यातून वाटीत कॉफी अशी उंचावरून ओतायची, की पेपरातल्या कुठल्याही बातमीपेक्षा ते बघायला बरं वाटायचं.

मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. सरकारी कचेरीत दिवसभर लिहूनही ज्याचा हात दुखत नाही असा एक माणूस बिल्डिंगमध्ये असतोच. सभेचं इतिवृत्त लिहायचं आणि बोर्डावर लावायचं, हे माझं काम. आणि खरं सांगतो, ते मी मन लावून लिहायचो. एका सभेत विशू पाण्याच्या टाकीवर फार वेळ बोलला. मी लिहिलं, ‘श्री. विश्वनाथन यांनी टाकीच्या गळतीवर भाषण केले. गळती थांबली असती, भाषण थांबले नाही.’

वाक्य झालं झकास. दोनदा वाचून मी स्वतःशीच हसलो आणि कागद बोर्डाला टाचला.

दुसऱ्या दिवसापासून विशूचं दार सकाळी बंद. मग कळलं, त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय. तिन्ही मजल्यांवर पत्रिका पोचल्या. आमच्याकडे नाही.

“अहो, तळमजल्यावरच्या नव्या भाडेकरूला दिली,” ही म्हणाली. “त्याला येऊन महिना झाला नाही. तुम्ही काय केलंत?”

मी काय केलं ते मी सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. ते जास्त वाईट.

माफी मागायला हवी होती. पण तोंडानं कशी मागणार? मराठीत मागायची लाज वाटत होती. इंग्रजीत आम्हा कारकुनांचा एकच हुकमी शब्द, ‘रिग्रेट’. त्याचे उपयोग मला तोंडपाठ. अर्ज फेटाळला, वुई रिग्रेट. फाइल सापडत नाही, वुई रिग्रेट. साहेबांना समारंभाला यायचं नाही, साहेब रिग्रेट्स. वीस वर्षांत मी हा शब्द हजारो वेळा लिहिला असेल आणि एकदाही मला कसलं वाईट वाटलेलं नव्हतं. असा शब्द विशूला कसा पाठवणार?

तेव्हा डोक्यात आलं, माणसाची माफी त्याच्या मातृभाषेत मागावी. शिवाय आतली गोष्ट सांगतो, जी भाषा आपल्याला वाचता येत नाही, तिच्यात लाज वाटत नाही.

स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे एक जाडजूड इंग्रजी-तमिळ कोश मिळाला. शब्द इंग्रजीत, बाकी सगळं तमिळमध्ये. ‘रिग्रेट’खाली तीन अर्थ होते, आकडे घालून, आणि प्रत्येकापुढे उदाहरणाचं एकेक वाक्य. मी तिसऱ्याचं वाक्य निवडलं, कारण ते सर्वांत लांब होतं. कचेरीचा अनुभव असा, की जितकं लांब तितकं नम्र.

चार दिवस मी ती वळणदार अक्षरं गिरवली. मग पांढऱ्या फुलस्केपवर, डावीकडे समास सोडून, वाक्य उतरवलं. खाली सही. आणि हात थांबेना म्हणून वर जावक क्रमांक घातला. लिफाफा दिला अम्माच्या हातात आणि दुसऱ्या प्रतीवर तिची पोच घेतली. माफीची पोच घेणारा मुलुंडमध्ये मी एकटाच असेन. अम्मानं चष्म्याशिवायच तमिळमध्ये सही केली. म्हटलं, भाषा बरोबर घरात गेली.

अम्मा लिफाफा विशूसाठी तसाच ठेवून त्याच दुपारी बहिणीकडे माटुंग्याला गेली. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी विशू दारात उभा. हातात माझा कागद, चेहरा उतरलेला.

“सावंत, सोसायटीच्या आवारात लग्नाच्या मांडवाला परवानगी नाही हे तोंडानं सांगायचं होतंस रे. मी घाटकोपरला हॉल बघून आलो.”

“कसली परवानगी? हे वाच ना.”

“काय वाच? मला तमिळ वाचता येतं कुठे?”

विशूचा जन्म इथला, शाळा इथली, तीही मराठी. माझ्या नोटिशींतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तो काढायचा. अकरा वर्षं त्याची कॉफी प्यायलो, पण ही गोष्ट विचारायचं कधी सुचलंच नाही.

“जावक क्रमांक बघितला, सेक्रेटरीची सही बघितली,” तो म्हणाला. “एरवी नोटीस मराठीत येते. ही तमिळमध्ये, म्हणजे प्रकरण कोर्टात जाणार असं वाटलं.”

तेवढ्यात अम्मा जिना चढून आली. चष्मा लावून तिनं कागद वाचला. परत वाचला. मग पदर तोंडाला लावून जी हसायला लागली, ती पिशवी ठेवून पायरीवरच बसली. विशूनं तिच्याकडून ऐकून मला मराठीत सांगितलं, “पाळलेला पोपट उडून गेल्याबद्दल राणीला अतिशय खेद झाला. खाली तुझी सही.”

आमची ही आत पळाली. हसू ऐकू येतच होतं.

“पण खेद कशाबद्दल?” विशूनं विचारलं.

“तू पत्रिका दिली नाहीस म्हणून.”

“समोरच्या दाराला पत्रिका देतात का? तू घरचा. तुझं नाव कामाच्या यादीत आहे, वऱ्हाडाच्या चहापाण्याला. सकाळी मी घरी नसतो, ते खरेदीच्या धावपळीमुळे.”

“मग ते इतिवृत्तातलं वाक्य?”

“कुठलं वाक्य? तुझं इतिवृत्त कोण वाचतं रे?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. कोणीही शहाणा माणूस बसला असता. पण तीन आठवडे ज्या वाक्यापायी मी झुरलो, ते कोणी वाचलंच नाही? हा घाव मला सोसेना. मी विशूचा हात धरून त्याला खाली बोर्डापाशी नेलं, डासांच्या फवारणीच्या नोटिशीखालून माझा कागद काढला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

त्यानं वाचलं. सावकाश वाचलं. मग जिना चढून वर गेला.

पत्रिका गुरुवारी आली. सुबक अक्षरात माझं पूर्ण नाव, हुद्दा, बिल्डिंग, मजला, पिनकोड.

पोस्टमननं आणून दिली.