केसांची गोळी, थरथरीची गोळी

बायकोची किडनी मला बसवली. शरीरानं ती नाकारू नये म्हणून दिलेल्या पहिल्या गोळीनं माझ्या हिरड्या सुजल्या, कानांवर अस्वलासारखे केस उगवले. डॉक्टरांनी गोळी बदलली, तर हात थरथरायला लागले. गावच्या दूध सोसायटीत दूध मापायचं काम माझ्याकडं. दुष्काळानं म्हशी आधीच आटलेल्या, त्यात मापातून थेंब सांडला की लोक ओरडायचे, "आवो, काहून सांडताय?" डोकंच फिरलं माझं. बायकोबरोबर बीडला जाऊन डॉक्टरांना म्हणालो, "पहिलीच द्या. केस परवडले, हे हात नकोत!"

"पण ही गोळी किडनी जास्त सांभाळते," डॉक्टर म्हणाले.

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "मग हीच ऱ्हाऊ द्या. दूध सांडलं तर सांडू द्या. किडनी माझी हाय."