पालकाची सही

आमच्या क्रीडा मंडळात माझं अक्षर सगळ्यांत चांगलं होतं. म्हणून मी ज्यात खेळायचे त्या मुलींच्या कबड्डी संघाची संमतीपत्रं भरायचं काम माझ्याकडे आलं. पाल्यास दुखापत झाल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही, एवढाच मजकूर आणि खाली पालकाची सही. सोयाबीन काढणीचे दिवस होते, सगळ्यांचे आईवडील वावरात. आमचे कबड्डीचे सर म्हणाले, तूच करून टाक. मी बारा मुलींच्या वडिलांच्या सह्या केल्या, प्रत्येक सही वेगळ्या वळणाची. पेनसुद्धा बदलले. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता.

आमची मुख्य चढाईपटू शाळेत माझ्याच बाकावर बसायची. तिचं वजन गटाच्या मर्यादेपेक्षा दीड किलो जास्त भरत होतं. सरांनी स्पर्धेच्या आदल्या दुपारपासून तिचं पाणी बंद केलं आणि दोन स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. सकाळी वाशीमला जाताना जीपमध्ये तिनं माझ्या बाटलीकडे पाहिलं. मी बाटली पिशवीत ठेवली. काट्यावर वजन बसलं. पहिल्याच सामन्यात चढाई करताना तिला भोवळ आली आणि तिघींच्या पकडीखाली तिचा गुडघा सापडला.

तिचे वडील मंडळात आले तेव्हा मी कपाटातल्या ट्रॉफ्या पुसत होते. ते भांडले नाहीत. पोरीले पाणी काहून नाही देल्लं, एवढंच त्यांनी विचारलं. सरांनी संमतीपत्र पुढे केलं. ही तुमचीच सही ना, म्हणाले.

त्यांनी कागद बराच वेळ हातात धरला.

"सर, मी त आंगठा लावतो."

सर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मंग तुमच्याच पोरीनं केली असन."

मी ट्रॉफी पुसत राहिले. खेळाडूंना मिळणारे वाढीव गुण मला त्या वर्षी मिळायचे होते, आणि त्यासाठी सरांची शिफारस लागत होती. त्या गुणांवर मी दहावी तरले, पुढे कॉलेजात गेले, घरातली पहिली पदवीधर झाले. सत्काराच्या वेळी मी सरांचे आभार मानले. मनापासून मानले, हेच जास्त वाईट.

खोटी सही केली म्हणून तिला घरी मार बसला. मग तिची शाळाच सुटली. सही मी केली हे तिला माहीत होतं, तरी माझं नाव तिनं कोणालाच सांगितलं नाही.

आता मी शिक्षिका आहे. कोणतंही संमतीपत्र पालकाला मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय घेत नाही. सहकारी हसतात, हसू देत. मागच्या उन्हाळ्यात ती शेलूबाजारच्या बसथांब्यावर दिसली. अजून एक पाय ओढत चालते. मी जवळ जाऊन माफीचं बोलायला लागले, तर तिनं मला मध्येच थांबवलं.

"राहू दे न वं," ती म्हणाली. "तुह्या अक्षरात तरी माहा बाप शिकलेला दिसला."