येप्पेचा उजवा हातमोजा

२८ जानेवारी १८८७ रोजी डेन्मार्कमध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची निवडणूक झाली. गुप्त मतदान तेव्हा नव्हते. उमेदवाराचे नाव पुकारले की मतदारांनी चौकात सर्वांदेखत हात वर करायचा. ज्यांच्या जमिनीवर ते राहत, त्यांची माणसे समोर उभी राहून पाहत.

येप्पे मोगेन्सन जहागिरीच्या घरात राहणारा मजूर होता. कारभाऱ्याची मर्जी फिरली, तर मे महिन्यात ते घर सोडावे लागे. त्याच्या उजव्या हाताची मधली दोन बोटे कडबा कापण्याच्या यंत्रात गेली होती. तो हात कोणीही लांबून ओळखला असता. येप्पेला मत द्यायचे होते शेतकऱ्यांच्या उमेदवाराला, मालकाच्या माणसाविरुद्ध.

“मग डावा वर करा की,” त्याची बायको सिद्सेल म्हणाली.

“डावा पाहिला की पहिलं विचारतील, उजव्याला काय झालं.”

“नाहीतर घरी बसा.”

“घरी बसलेल्यालाही धरतात हिशेबात.”

सिद्सेल विणायला बसली. तिने करड्या लोकरीचा जाड हातमोजा विणला, अंगठा तेवढा वेगळा असलेला, आणि गेलेल्या बोटांच्या जागी पिंजलेली लोकर ठासली. उरलेली लोकर तिने तसेच मोजे विणायला शेजारणींना वाटली. कोणाचा नवरा कोणत्या बाजूचा, हे तिने विचारले नाही.

निवडणुकीच्या सकाळी कारभारी, मतदान चालवणाऱ्या सभापतींच्या मंचापाशी उभा होता.

“काय रे येप्पे, लग्नाला निघालास का? नवे मोजे!”

“थंडी आहे, साहेब. बायको ऐकत नाही.”

“सगळ्या वस्तीचे मोजे एकाच मेंढीचे दिसतात.”

“मेंढी थोराड आहे, साहेब.”

गर्दी हसली. कारभारी हसल्याचे कोणी सांगत नाही.

मालकाच्या उमेदवाराचे नाव पुकारले गेले. करडे मोजे वर गेले. शेतकऱ्यांच्या उमेदवाराचे नाव आले. पुन्हा करडे मोजे वर गेले. येप्पेच्या पुढे उंच शेजारी दाटीने उभे होते, त्यामुळे त्याचा चेहरा मंचावरून दिसला नसावा. सभापतींनी नुसत्या नजरेने कौल ठरवला. नावानिशी मोजणी करा, असे कोणीच म्हटले नाही.

घरी आल्यावर सिद्सेलने बर्फाने भिजलेला मोजा त्याच्या हातातून सोडवला, आतली लोकर चुलीजवळ पसरली आणि त्याचा अपुरा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरून बसली.

“कळलं का हो कारभाऱ्याला?”

“माझ्याकडे बघत होता खरा.”

“आणि तुम्ही?”

“माझ्या हाताला ऊब होती,” येप्पे म्हणाला. तिने ताटलीत जवाची पेज वाढली आणि तिची साय त्याच्याकडे सरकवली.

मे महिना आला आणि गेला. घर राहिले. येप्पे त्याच घरात म्हातारा झाला आणि तिथेच वारला. ही हकीकत त्याची नात किर्स्टिन सांगते. मोजाही तिच्याच पेटीत आहे. आजोबांनी शेतकऱ्यांसाठीच हात वर केला, असे ती ठामपणे म्हणते. ती तेव्हा जन्मलीही नव्हती.

येप्पेचा हात कोणत्या नावाला वर गेला, याला पुरावा नाही. कारभाऱ्याने तो ओळखला नाही, की ओळखूनही गप्प राहिला, हेही ठाऊक नाही.