चौथं चित्र

ते चित्र यासीनचाचांनी चुकून कापलं नव्हतं. मी खोटं बोलून त्यांना कापायला लावलं होतं.

चाचा काल गेले. आज दुपारी बल्लारपूरला माती झाली. उशिरा लिहिते आहे, हे मला माहीत आहे.

चाचा आमच्या गल्लीतले सुतार. दारं-खिडक्यांच्या कामातून उरलेल्या प्लायवर चित्र चिकटवायचे आणि तारेसारख्या बारीक पात्याच्या आरीनं त्याचे तुकडे करायचे. गल्लीतल्या सगळ्या मुलांची पझल्स त्यांच्याच हातची.

नियम एकच. बाबांनी एकदा बुद्धाचं कॅलेंडर नेऊन दिलं, तर त्यांनी ते हात जोडून परत केलं.

"नाई भाऊ. चेहऱ्यावर आरी नाई चालवत मी. माणसाच्या नाई, जनावराच्याबी नाई."

म्हणून माझी ताई त्यांच्यासाठी मॉडर्न आर्टची प्रिंट्स आणायची. ती तेव्हा नागपूरला चित्रकला शिकत होती. प्रिंट्समध्ये नुसते रंग, रेषा, चौकोन.

चाचा खूश. "याच्यात कोणी नाई. कोणाले दुखत नाई."

मी सहावीत असताना ताईनं एक गुंडाळी घरी आणून ठेवली.

"वरचे तीन चाचाले दे. चवथं मी काढलं हाय, प्रदर्शनात पाठवाचं हाय. हात नको लावू."

चौथं सगळ्यांत सुंदर होतं. निळ्यावर गेरूचे जाड पट्टे. मला ते हवं होतं. माझं म्हणून.

मी चारही दिली.

चाचांनी चौथ्यावरून बोट फिरवलं.

"हे तं हातानं काढलेलं दिसते. हेबी कापाचं?"

"हो. ताईनंच सांगितलं."

शहाण्णव तुकडे झाले.

ताईनं ते जुळवून पाहिले. जुळले. पण प्रत्येक कापात पात्याच्या जाडीएवढं चित्र भुसा होऊन जातं. तेवढं परत येत नाही.

"चाचा, तुमाले कॅलेंडर अन् चित्र यातला फरक नाई समजत?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"गलती झाली बाई. ध्यान नाई राह्यलं."

गल्लीनंही चाचांनाच बोल लावला. त्यानंतर त्यांनी एकही पझल केलं नाही. ताई त्यांच्याशी कधीच बोलली नाही.

इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, तेव्हा मी पेढे घेऊन चाचांकडे गेले. माफी मागितली.

"तवा सांगतलं असतं तं ताईनं तुले बदडलं असतं. मले कोण बदडते?"

हसले. मग रंधा बाजूला ठेवून म्हणाले,

"पन आता सांग तिले. मी दिसलो का तोंड फिरवते पोरगी. तेवढंच लागते मले."

"सांगते, चाचा."

त्याला दोन वर्षं झाली. सांगितलं नाही. कारण देणार नाही, कारण देण्यासारखं नाही.

आज संध्याकाळी ताईला फोन केला. सगळं सांगितलं. क्रमानं, काही न वगळता.

तिनं विचारलं,

"माती झाली का?"

"झाली. दुपारी."

"मंग आता मले कायले सांगून राह्यली?"

तिनं फोन ठेवला.

यासीनचाचा, चूक माझी होती. तुमची कधीच नव्हती.

गल्लीतल्या ज्यांनी ज्यांनी तुम्हाला बोल लावला, त्या सगळ्यांनी हे वाचावं.

अखेरचा सलाम.