आत्याच्या हातातली पुडी

स्पष्टच लिहिते, मला ताईच्या नणंदेचा हेवा वाटायचा. नुसता हेवा नाही, पोटात जळायचं.

ताई करमाडला दिलेली, शेंद्र्याच्या कंपनीत पॅकिंगला जाते. तिची लेक तीन वर्षांची. लेकराच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणून मी शहरातून राजगिऱ्याचे लाडू न्यायची. भाची लाडू चाटायची आणि माझ्याच हातात परत द्यायची. आत्या शेजारच्याच गल्लीतली. ती दारात दिसली की पोरगी अनवाणी पळायची, तिच्या हातातल्या तिखट चिप्सच्या पुडीकडं.

आणि मी एका संस्थेतर्फे गावोगाव पत्रकं वाटणारी! पाकिटातलं मीठ-तेल लेकरांना कसं नासवतं, हे अंगणवाड्यांतून ओरडून सांगणारी. एकदा आत्याला तोंडावरच म्हणाले, "लेकराला विष चारताय तुम्ही."

"व्हय का मावशीबाई? मग तुमच्या लाडूला ती तोंड का लावंना?"

एवढ्यात ताई कंपनीच्या बसमधून उतरून आली. पायरीवर टेकली आणि लेकीच्या पुडीतले मूठभर चिप्स तोंडात टाकले.

"ताई, तू पण?"

"सकाळी पाचला उठलेय. स्वयंपाक होईस्तोवर पोटात काही नको? अन् ही पुडीत गुंतली तरच माझ्या भाकरी होतात. नाहीतर कडेवर घेऊन थापू? हे लिही की तुझ्या पत्रकात."

आमच्या पत्रकात सगळा दोष आईच्या अडाणीपणाचा होता. कडेवरच्या पोरीबद्दल एक ओळ नव्हती. हे मला तेव्हाच कळलं. पण खरं सांगू? मला पत्रकाचं काही पडलं नव्हतं. पोरगी आत्याच्या मांडीवर बसली होती, तेवढंच दिसत होतं.

पुढच्या खेपेला मी स्टँडवरून पुड्या घेतल्या. दोन. आत्यापेक्षा एक जास्त.

पोरगी धावत आली ती थेट माझ्या मांडीवर. मसाल्याची बोटं माझ्या कुर्त्याला पुसत "माझी मावशी" म्हणाली. आत्या दारातून बघत होती. "लई शिकलात बघा," एवढंच बोलली.

पहिली पुडी संपली. पोरीनं दुसऱ्या पुडीकडं हात केला. नाही म्हणायचं होतं, शब्द अगदी ओठावर होता. पण नाही म्हटलं असतं तर ती उठून गेली असती.

मी दातानं पुडीचा कोपरा फाडला.