नुसता आकडा चालणार नाही

आमच्या बिल्डिंगच्या आवारात कुणीही आकडा उच्चारला की पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून प्रश्न यायचाच. भाजीवाला "चाळीस" म्हणाला की वरून, "चाळीस काय? किलोला की पावाला?" तिसऱ्या मजल्यावरचे सावंत काका पुतणीच्या लग्नाचं कौतुक करताना म्हणाले, "दोनशे होते!" तर लगेच, "दोनशे काय? माणसं की कुटुंबं?" सावंत काकांनी त्यानंतर लग्नाचा विषयच काढला नाही.

हे आमचे एकक सर. पार्ल्याच्या शाळेत त्यांनी आम्हाला भौतिकशास्त्र शिकवलं. उत्तर अगदी बरोबर असलं, पण पुढे मीटर किंवा सेकंद लिहायचं राहिलं, तर अर्धा मार्क गेलाच म्हणून समजायचं. मी एकदा वर्गात रडले, तर म्हणाले, "अगं तन्वी, नुसतं दहा म्हणजे दहा म्हशीसुद्धा असू शकतात." मी रडता रडता हसले. अर्धा मार्क काही मिळाला नाही.

निवृत्त झाल्यावर सरांना एक नवं खेळणं मिळालं. सोसायटीने सगळ्या घरांसाठी मिळून इंटरनेटची एक मोठी लाइन घेतली आणि तिचा कारभार सरांनी स्वतःहून अंगावर घेतला. तळमजल्यावरच्या सोसायटी ऑफिसात लुकलुकणारा राउटर होता. कोणत्या घराला किती वेग द्यायचा, ते तिथल्या कॉम्प्युटरवरून ठरवता यायचं. सरांनी त्या राउटरवर काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, विणलेलं क्रोशाचं झाकण घातलं होतं. राउटर तापेल म्हणून ते काढायला लावताना माझी वाट लागली.

मी तेव्हा नेटवर्किंगचा कोर्स संपवून घरी बसले होते. कुठूनच बोलावणं येत नव्हतं आणि आई हळूच दुसरं काहीतरी शिकायला सुचवू लागली होती. अशात साकीनाक्याच्या एका कंपनीने व्हिडिओवर मुलाखत ठेवली. नेमकी त्याच दिवशी दुपारी क्रिकेटची मॅच होती आणि सगळी बिल्डिंग ती नेटवरच बघणार होती. मी हवालदिल. सर म्हणाले, "तू फक्त केस विंचरून बस. त्या वेळात सगळ्यांना दोन, तुला दहा. झकास चालेल."

दोन काय आणि दहा काय, हे त्या दिवशी ना त्यांनी विचारलं, ना मी.

मुलाखत सुरू झाली आणि समोरच्या मॅडमचा चेहरा तोंड उघडं असतानाच थिजला. मग आवाज तुटला. मग काहीच नाही. दोन मिनिटांनी त्यांचा फोन आला. आवाज थंड होता. "तन्वी, तू नेटवर्क सांभाळायच्या नोकरीसाठी मुलाखत देतेयस ना?"

"मॅडम, पाच मिनिटं द्या, प्लीज," म्हणत फोन तसाच हातात धरून मी जिना उतरले. ऑफिसात सर घामाघूम होऊन स्क्रीनकडे बघत होते. "बघ, सगळ्यांना दोनच दिलंय!"

मी बघितलं. रकान्यात दोन लिहिलं होतं, पण पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. मदतीचं पान उघडलं तेव्हा कळलं. इंटरनेट कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, सरांनी त्याच हिशोबाने आकडे भरले होते आणि हा रकाना मोजत होता मेगाबाइट. आठ बिट म्हणजे एक बाइट. सरांनी प्रत्येकाला तांब्या दिला होता, राउटरने बादल्या भरून दिल्या होत्या. चार घरांतल्या मॅचनीच लाइन संपली होती.

"सर, सगळ्याला आठने भागा!"

सरांनी भागलं. वरून सावंत काका ओरडले, "ओ सर, शेवटची ओव्हर आसा! चित्र अडाकला!"

"अडकू दे!" सर गरजले. मग खुर्चीत टेकून अगदी हळू म्हणाले, "ज्याने एकक न लिहिता हा रकाना केला, त्याला शून्य. आणि ज्याने न विचारता भरला, त्यालाही शून्य. पोरीची नोकरी घालवली मी."

हातातल्या फोनमधून हसण्याचा आवाज आला. मॅडम सगळं ऐकत होत्या. "त्या सरांना सांग, आमच्याकडे शिकलेले इंजिनिअरसुद्धा हेच करतात. आता वर जा, व्हिडिओ लाव. पुढचा प्रश्न हाच आहे. काय चुकलं आणि तू ते कसं शोधलंस?"

नोकरी लागली. पेढे घेऊन गेले, तर सरांनी आधी विचारलं, "किती आणलेस?" मी म्हटलं, "अर्धा किलो." ते खूश झाले.

गेल्या वर्षी काकू गेल्या आणि सरांचा मुलगा त्यांना नागपूरला न्यायला आला. गाडीत सामान चढलं होतं. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, इतका हा माणूस मला आवडायचा. सर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "येत जा गं. काही लांब नाही. बारा..." आणि ते गाडीच्या दाराकडे वळले.

मी कसंबसं विचारलं, "बारा काय, सर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि हसले. "तास," म्हणाले. "तुझा तो अर्धा मार्क आज परत दिला."