विलायती गाण्याचा शेवट

आमच्या कराडच्या बँडचे मास्तर एका जागी उभे राहिलेले कृष्णामाईनंही कधी पाहिले नसतील. चहा ते चालत पीत. न्हाव्याला एक गाल दुकानात उरकता येई. दुसऱ्यासाठी वस्तरा उगारून मंडईपर्यंत धावावं लागे. "उभं ऱ्हायलं की डोक्यात मुंग्या चालत्यात, गड्या," म्हणायचे. बायको गेल्यापासून तर मुंग्यांचं वारूळ झालं होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मास्तरांच्या पलटणीतल्या मेव्हण्यानं पुण्याहून गाण्यांची एक तबकडी आणली. इंग्लंडातल्या चौघा झिपऱ्या पोरांचा बँड. वेष्टनावर नुसतं धुकं आणि नाव असं वेडंवाकडं, की ते वाचताना इंजिनिअरिंग कॉलेजातल्या दोघांची मान लचकली. लाऊडस्पीकरवाल्याच्या दुकानात आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या. धड नाचावंसं वाटेना, धड रडू येईना, पायाला मात्र खाज सुटली. मास्तर खूश. "ही पोरं बी घरात बसणारी न्हाईत," म्हणाले.

पेच एकच होता. प्रत्येक गाण्याच्या शेवटी आवाज बारीक बारीक होत विरून जायचा. क्लॅरिओनेटवाला वैतागला, "मास्तर, ह्याला शेवटच न्हाई. थांबायचं कुठं?"

"थांबायचं कशाला? आवाज लांब चाललाय न्हवं? म्हंजी पोरं वाजवत वाजवत पुढं गेली. आपुन बी जायचं!"

आम्हाला ते तंतोतंत पटलं. मी तर बँडातला नुसता खुळखुळेवाला. तबकडीत वाजवणारी माणसं रस्त्यावर नसतात, बंद खोलीत बसतात आणि शेवटी आवाज यंत्रावर बारीक करतात, हे आम्हाला कोण सांगणार?

कोरेगावच्या लग्नात मंडपाच्या तोंडाशी विलायती गाणं शेवटाला आलं आणि मास्तर वळून चालू लागले. त्यांच्या मागं आम्ही. आमच्या मागं घोडा, कारण घोड्याला बँडमागं जायचं एवढंच शिकवलेलं. घोड्यावर नवरदेव, मागं सगळं वऱ्हाड. रहिमतपूरची वेस दिसायला लागली तेव्हा वरबाप धापा टाकत पुढं आला. "आवं मास्तर, पोराचं लगीन हाय! पलटण न्हाई न्यायची!"

"गाणं संपल्याबिगर माघारी फिरायचं कसं?" मास्तर म्हणाले.

मुहूर्त हुकला. नवरानवरी सुखात आहेत, पण त्या घरात अजून कुणी शिट्टीसुद्धा वाजवत नाही.

पुढं त्याच पोरांची दुसरी तबकडी आली, पहिलीपेक्षा उदास. मास्तरांनी ती पाठ केली, आणि त्याच वर्षी त्यांच्या सुमीचं सांगलीच्या हळदपेढीवरच्या मुलाशी ठरलं. बँडच्या तालमीत येऊन सुमी सगळ्यांसमोर म्हणाली, "आबा, काय बी वाजवा. पण मी निघताना वाजवत वाजवत भलतीकडं जाऊ नका. आय तर न्हाईच. तुमी तरी डोळ्यासमोर ऱ्हावा."

मास्तर ट्रम्पेट काखेत मारून बाहेर पडले. त्या दिवशी कोयनेच्या पुलावरून इतक्या येरझाऱ्या घातल्या, की पूल वीतभर खचला म्हणतात.

लग्नात त्यांनी मुकाट्यानं सिनेमाची गाणी वाजवली. सुमी गाडीत बसली. खुळखुळ्यावाचून बँडचं अडत नाही म्हणून तिची ट्रंक सांभाळायला मीही बसलो. तेव्हा मास्तरांनी ट्रम्पेट उचलला आणि नव्या तबकडीतलं शेवटचं गाणं धरलं. सुमी खिडकीची दांडी घट्ट पकडून बघत होती. गाणं शेवटाला आलं. बाकीचे बँडवाले सवयीनं वळले आणि वाजवत रस्त्याला लागले. मास्तरांचाही उजवा पाय उचलला. तो हवेत थरथरताना मी पाहिला.

त्यांनी तो जागच्या जागी खाली ठेवला.

गाडी सुटली. धुरळ्यात मास्तर एकटेच उभे, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या, ट्रम्पेट आमच्याकडं वळवलेला. गाडीतल्या वऱ्हाडात पानसुपारीचा गोंधळ सुरू झाला. सुमीनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि पुढं वाकून ड्रायव्हरला म्हणाली,

"काका, जरा हळू घ्या. अजून ऐकू येतंय."